विहिरीतली कॅसेट

"हल्लू धर. फाटला तं माह्या हातात नुसतं भोक राहीन," इंद्रभान म्हणाले.

धम्मशीलाने स्पीकरचा कागदी कोन दोन बोटांनी तसाच धरून ठेवला. कडेचा गोंद वाळेपर्यंत हात हलवायचा नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. मेहकरच्या कॉलेजात ती ग्रंथपाल होती. तीस हजार पुस्तकं तिच्या ताब्यात होती आणि प्राध्यापकसुद्धा तिच्याशी आवाज खाली आणून बोलत. पण रविवारी डोणगावला माहेरी आली की तासाभरात वडील तिच्या हातात काहीतरी धरायला द्यायचेच. कधी वायर, कधी टॉर्च, कधी भोंग्याचं तोंड. दुकानात तिला बढती अशी मिळालीच नव्हती.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. वर पत्र्याची पाटी होती, 'साठ वॅट रेडिओ अँड साउंड'. गावाला वाटायचं, हे भोंग्याच्या ताकदीचं नाव असेल. खरं तर ते इंद्रभान सरकटेंच्या बँडचं नाव होतं. बँड म्हणजे तीन माणसं. इंद्रभान गिटार वाजवायचे आणि गायचे, त्यांचे दोस्त उकंडराव ढोलकी आणि डालड्याचे डबे वाजवायचे, आणि तिसऱ्या अश्वजितने एका लाकडी फळीला जाड तारा ताणून स्वतःच एक वाद्य केलं होतं. अश्वजित जाऊन बारा वर्षं झाली होती. फळी अजून दुकानाच्या माळ्यावर होती.

त्या रविवारी दुकानात संघपाल बसला होता. तो बीबी गावचा, वय पंचवीस-सव्वीस, पुण्यात कॉम्प्युटरवर काम करणारा. चार वर्षांपूर्वी बीबीच्या बाजारात एका भंगारवाल्याच्या पोत्यात त्याला 'साठ वॅट'ची एकुलती एक कॅसेट सापडली. त्याने ती इंटरनेटवर टाकली आणि तिचं काहीतरी झालं. पुण्यातली, कोल्हापुरातली, पुढे तर कुठल्या कुठल्या देशांतली पोरं ती ऐकू लागली. १९९१ साली बुलढाणा जिल्ह्यातल्या एका खेड्यात, कोरड्या विहिरीत उतरून, हे असलं रॉक संगीत कोणी केलं, त्या गिटारचा आवाज असा फाटलेला कसा, यावर लेख आले. ज्या कॅसेटला गावात कुणी हात लावला नव्हता, तिची मूळ प्रत आता कुणाकडे असली तर तो फोटो काढून मिरवायचा.

गावात त्या कॅसेटींचं काय झालं ते धम्मशीलाला माहीत होतं. अकोल्याच्या एका कॅसेटवाल्याकडून दोनशे प्रती करून आणल्या होत्या. त्या खपल्या नाहीत. दोन-तीन वर्षांनी ज्वारीला कणसं लागली तेव्हा लोक येऊन त्या मागून नेऊ लागले. आतली पट्टी काढून शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधली की वाऱ्यावर ती भुणभुणते आणि पाखरं बसत नाहीत. इंद्रभान स्वतःच्या हाताने पट्टी सोडवून द्यायचे. म्हणायचे, "कोणी तं ऐकून राह्यलं ना."

"काका, पुण्यात दोनच गाणे म्हणसान," संघपाल सांगत होता. "दीड-दोनशे पोट्टे येतीन. उभं राहून ऐकतीन."

"काऊन? खुर्च्या नाहीत का तिथं?"

"तसंच असते तिथं, काका."

"आमच्या इथं बी तसंच होतं. लोकं उभे राह्यचे अन् निंघून जायचे."

आतल्या दारात डाळ निवडत बसलेल्या सिंधूताई, धम्मशीलाची आई, हसल्या. "अन् जे नाही जात ते भोंगा कवा देता म्हून थांबेल राह्यत."

"पाह्य, हे माही पहिली पब्लिक," इंद्रभान संघपालला म्हणाले. मग गोंदाच्या कडेवर फुंकर मारत, कुणाकडे न बघता म्हणाले, "धम्मा येईन तं मी येईन पुण्याले."



"कॉलेजात तपासणीचं पथक यायचंय, बाबा," धम्मशीला म्हणाली. "बघते."

"बघ."

तिचं 'बघते' म्हणजे काय ते त्या घरात सगळ्यांना कळत होतं. संघपालला तेवढं कळलं नाही. तो उत्साहाने तिच्याकडे वळला.

"ताई, तुम्हाले तं याच लागन. लोकं तुमच्याबद्दलच जास्त विचारतात. शेवटचं गाणं तुम्ही म्हटलं ना?"

"मी?"

"हाव. सगळी कॅसेट काका गातात, आवाज हळूहळू वर वर चढत जाते, अन् शेवटच्या गाण्यात एकदम लहान पोरगी. लोकायनं लिहिलंय त्याच्यावर. बाप विहिरीत उतरते अन् पोरगी वर येते, असं. तुम्ही नऊ-दहा वर्षांच्या असान तवा."

"मी कधीच गायले नाही," धम्मशीला म्हणाली. तिचा स्वर ग्रंथालयातला झाला होता. "मी त्या विहिरीकडे गेलेसुद्धा नव्हते. तुम्हाला चुकीची माहिती मिळाली आहे."

संघपालने इंद्रभानकडे पाहिलं. ते गोंद बोटाने चाचपून बघत होते.

"लोकायले वाटते तं वाटू दे," ते म्हणाले. "चांगलंच वाटून राह्यलं ना त्यायले."

त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. लेकीने आपल्याबरोबर गाणं म्हटलं, असं कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांना वाटतं, हे त्यांना आवडलेलं होतं. धम्मशीलाला ते दिसलं आणि तिने मान खाली घालून पुन्हा कोनाकडे बघायला सुरुवात केली.

ती कॅसेट आपण शेवटची कधी ऐकली, तिला आठवत नव्हतं. तेरा वर्षांची असताना ऐकली असेल. त्यानंतर घरात ती तिच्यासमोर कधी लागली नाही, आणि का लागली नाही, हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं.

ती आठवीत होती, मेहकरला वसतिगृहात राहायची. शाळेचं स्नेहसंमेलन होतं. ऐन वेळेला ध्वनिक्षेपक बंद पडला. हेडमास्तरांनी डोणगावहून इंद्रभानना बोलावून घेतलं. ते सायकलवर आले, पाठीला गिटार बांधलेली, कारण तेव्हा ते तिला सगळीकडे बरोबर न्यायचे. भुसावळला रेल्वेत दोन वर्षं हंगामी खलाशी होते तेव्हा तिथल्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे कामगारांच्या क्लबात, नाच-गाण्यांच्या कार्यक्रमाला गिटार वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने गाव सोडताना ती त्यांना दिली होती. पातळ तार तुटली तर ते सायकलच्या ब्रेकच्या वायरीतला एक धागा काढून लावायचे. ध्वनिक्षेपक सुरू झाला. हेडमास्तर म्हणाले, एखादं गाणं म्हणून बघा, आवाज नीट येतोय का कळेल. इंद्रभानांनी गिटार भोंग्याला जोडली.

मुलांनी असलं काही ऐकलेलं नव्हतं. आधी सगळे दचकले, मग हसायला लागले, मग शिट्ट्या, मग मागच्या रांगेतली पोरं त्या गाण्यावर माकडासारखी नाचायला लागली. इंद्रभान डोळे मिटून गात होते. शेजारी बसलेली सुचिता नावाची मुलगी, डॉक्टरांची, हसून हसून डोळे पुसत म्हणाली, "कोण गं हा?"

आणि धम्मशीला म्हणाली, "आमच्या गावचा भोंगेवाला."

गाणं तेव्हाच संपलं होतं. इंद्रभान वायर गुंडाळत गुंडाळत नेमके त्यांच्या रांगेच्या मागे आले होते. चार हातांवर. तिने मान वळवली तेव्हा त्यांचे हात थांबलेले नव्हते. कोपरापासून अंगठ्यापर्यंत, कोपरापासून अंगठ्यापर्यंत, वायर तशीच गुंडाळली जात होती. मग त्यांनी अवजारांची पेटी सायकलला बांधली आणि तिच्यासमोरून निघून गेले. एरवी ते मेहकरला आले की तिच्यासाठी भाजके शेंगदाणे आणायचे. त्या दिवशीही खिसा फुगलेला होता. पण त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, हाक मारली नाही. ते रागावले म्हणून नव्हे. तिचं खोटं उघडं पडू नये म्हणून. हे तिला तेव्हाही कळलं होतं.

पुढे शाळेत काही काम निघालं तर ते फाटकाबाहेर उभे राहायचे आणि सिंधूताईंना आत पाठवायचे. तिच्या लग्नात उकंडराव मागे लागले, "इंद्र्या, एक तं वाजव बे," तर म्हणाले, "आज भोंगा माह्याकडं आहे, गाणं नाही." त्या दिवसाबद्दल बाप-लेकीत कधी एक शब्द झाला नाही. धम्मशीलाने पुढे कितीतरी वाचलं. हयातीत कुणी न ओळखलेल्या चित्रकारांची, कवींची, गायकांची चरित्रं तिने आवर्जून मागवली, विद्यार्थ्यांना कपाटातून काढून दिली, त्यांवर कॉलेजच्या अंकात लेखही लिहिला. लेख चांगला होता. इंद्रभानांनी तो कापून दुकानातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता.

संघपाल गेल्यावर ते म्हणाले, "धम्मा, थांब जरा. ते शेवटचं गाणं ऐकवतो तुले. नीट ऐकवतो." कॅसेट त्यांनी आधीच कपाटातून काढून ठेवलेली होती. शर्टाच्या खिशातून त्यांनी पेनाएवढा बारीक स्क्रूड्रायव्हर काढला. जुन्या टेपच्या मागच्या बाजूला त्यांनीच पाडलेलं एक भोक होतं.

टेप पुन्हा बिघडला असेल, असं तिला वाटलं. लहानपणी कधीही पाहावं तर ते गाणं लावून टेपच्या मागे हात घालून बसलेले असायचे. जन्मभर त्या टेपची दुरुस्ती संपली नव्हती.

"साडेचारची गाडी आहे, बाबा. पुढच्या रविवारी ऐकू."

"हाव. पुढच्या रविवारी." त्यांनी स्क्रूड्रायव्हर खिशात परत ठेवला.

ती पायरी उतरली तेव्हा मागून आवाज आला, "बरा चिकटला तो कोन. हात चांगला आहे तुहा."

तिने मागे न बघता हात हलवला.

मंगळवारी ती ग्रंथालयात नव्या पुस्तकांवर शिक्के मारत होती. सकाळचे साडेअकरा. सिंधूताईंचा फोन आला. त्या रडत नव्हत्या. त्यांनी एवढंच म्हटलं, "बाई, तुहे बाबा उठून नाही राह्यले."

ते कामाच्या टेबलावरच डोकं टेकून गेले होते. हातातलं सोल्डरिंग आयर्न बाजूला निसटलं होतं आणि चालूच राहिलं होतं. ती पोहोचली तेव्हा त्यांना आत नेऊन पांढऱ्या कापडावर ठेवलं होतं, मेणबत्त्या लावल्या होत्या. टेबलाच्या लाकडात बोटभर खोल काळा खड्डा पडला होता आणि त्यातून अजून धुराचा वास येत होता. वायर कुणीच काढली नव्हती. तिने बटण बंद केलं. त्या दिवशी तिने स्वतःहून केलेलं तेवढं एकच काम तिला नंतर आठवत राहिलं.

विहाराच्या भोंग्यावरून खबर द्यायची होती. तो भोंगा लागला नाही. दुरुस्तीला इंद्रभानांच्याच दुकानात आलेला होता, अर्धा उघडलेला. मग माणसं घरोघर गेली.

त्या आठवड्यात संघपालचे तीन फोन येऊन गेले. तिने एकही घेतला नाही.

पुढच्या रविवारी विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. त्रिशरण, पंचशील झालं. मग श्रद्धांजली. निवृत्त शिक्षक शेषराव गुरुजींनी सूत्रं घेतली. लोक चांगलं बोलले आणि मनापासून बोलले. इंद्रभानभाऊंनी गावातला एकही कार्यक्रम मुका राहू दिला नाही, असं गुरुजी म्हणाले. लग्न असो, जयंती असो, निवडणूक असो, भाऊ एका हाकेवर हजर. अर्जुनराव म्हणून एक जण होते, ते म्हणाले, भाऊंनी दोन हजार साली दुरुस्त केलेला रेडिओ आजही वाजतो. कुणी गाण्याचा विषय काढला नाही. एकाने काढला, तर तो हसूनच. "तरुणपणी त्यायले गिटारीचा नाद होता," असं म्हणून त्याने हवेत हात हलवून दाखवला, आणि लोक दुःखातही थोडे हसले.

धम्मशीलाला ते हसू ओळखीचं होतं.

"आता भाऊंच्या कन्या दोन शब्द बोलतील," गुरुजी म्हणाले.

ती उठली. माइक हातात घेतला. तो बाहेरगावाहून भाड्याने आणलेला होता आणि त्यात घरघर होती. बाबांनी ती दोन मिनिटांत काढली असती. समोर सगळा गाव होता. घशाशी एक वाक्य आलं होतं. ते तीस वर्षांपासून तिथेच होतं.

"आपण सगळे आलात," ती म्हणाली. "सरकटे परिवार आपला आभारी आहे."

ती खाली बसली. सिंधूताईंनी तिच्याकडे पाहिलं आणि पदराने तिच्या मांडीवर पडलेलं फूल झटकलं.

दुपारी पंगती उठल्यावर ती दुकानात येऊन बसली. दार तिने उघडं ठेवलं. थोड्या वेळाने उकंडराव आले. पंचाहत्तरीचे, कमरेत वाकलेले, तीन एकरांचे मालक. येऊन ते रोजच्या स्टुलावर बसले आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले. त्यांच्या मागोमाग संघपाल आला. तो सकाळीच पुण्याहून आला होता आणि सभेत सगळ्यात मागे, चपलांपाशी बसलेला होता.

"ताई, आज इचारू नाही, पण मले उद्या निंघायचं आहे," तो म्हणाला. त्याने पिशवीतून एक छापील कागद काढला. "आम्ही पाच-सहा जण ही कॅसेट तबकडीवर काढून राह्यलो. मोठी, काळी तबकडी, पहिले असायची ना, तशी. काकायनं हो म्हटलं होतं. हे तिच्या पाकिटावर छापायचं आहे. एवढं बरोबर आहे का पाहून घ्या."

तिने वाचलं. गिटार आणि गायन, इंद्रभान सरकटे. ढोलकी, उकंडराव. तारा, अश्वजित. आणि खाली, वेगळ्या ओळीत: शेवटचे गीत, इंद्रभान यांची कन्या धम्मशीला.

"मी तुम्हाला सांगितलं होतं," ती म्हणाली.

"हाव. पण काका म्हणाले राहू दे. मले वाटलं तुम्ही लाजून राह्यल्या." तो घुटमळला. "मंग ती पोरगी कोण होती, ताई?"

उकंडरावांनी मान वर केली. "कोणती पोरगी बे?"

"शेवटच्या गाण्यातली."

"पोरगी?" म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला. मग त्यांच्या तोंडातून एक आवाज निघाला, तो हसू होतं की दुसरं काही, सांगता आलं नसतं. "अरे पोट्ट्या, सेल उतरले होते."

"सेल?"

"टेपचे सेल. माह्या विहिरीत भरली आम्ही ते कॅसेट. आटेल होती, वैशाखाचे दिवस. इंद्र्या म्हणे, घरात आवाज मरते, इथं जिता राह्यते. पण विहिरीवर लाइन कुठून आणाव? भोंग्याले ट्रॅक्टरची बॅटरी लावली अन् टेप सेलवर. सहा सेल. गाणे आठ. दोन-तीन गाण्यायनंतर सेल उतराले लागले अन् टेप हळू हळू फिराले लागली. आम्हाले काय मालूम? आम्ही आपले वाजवून राह्यलो. शेवटच्या गाण्याले तं ते नुसती रांगत होती. घरी येऊन नव्या सेलावर लावली तं काय, समदं पळाले लागलं. इंद्र्या शेवटाले पोट्टीवानी गाऊन राह्यला."

"मग पुन्हा का नाही भरली?" धम्मशीलाने विचारलं.

"कुठं भराव? दुसऱ्याच दिवशी गाळ काढाले माणसं उतरले. माहा बापच म्हणे, विहीर काय गाणे म्हणाले आहे का. मंग पाणी आलं." उकंडराव थांबले. "इंद्र्या आठ दिवस जेवला नाही धड. अकोल्यावाला म्हणे, लोकायले समजत नाही, चालन. तशीच छापली. त्याचा खरा आवाज त्या कॅसेटीत कोणालेच भेटला नाही. तो एकटाच ऐके. मोटरीमागं एक स्क्रू असते, तो फिरवला का टेप हळू होते. जसजसे सेल उतरले, तसतसा फिरवत बसे. तू पाह्यलं असन."

तिने पाहिलं होतं. शेकडो वेळा.

"मी चार वर्षं त्या पोरीचं ऐकून राह्यलो," संघपाल स्वतःशीच म्हणाल्यासारखा म्हणाला. तो टेबलाच्या कडेला टेकला होता आणि कागदाची घडी घालून पुन्हा उलगडत होता.

धम्मशीला उठली. टेप तिथेच होता, गेल्या रविवारी त्यांनी ओढून ठेवला होता तसाच, कॅसेट त्याच्यावर. तिने टेबलावर शोधलं, खण उघडले. मग आतल्या दाराकडे वळली. सिंधूताई उंबऱ्यात उभ्या होत्या. केव्हापासून, कोण जाणे. त्यांनी कमरेची पिशवी सोडली आणि त्यातून तो बारीक स्क्रूड्रायव्हर काढून पुढे केला.

"आंघोळ घालतानी खिशातून निंघाला. कामाचा असन म्हून ठेवला."

कॅसेट आत बसवून तिने ती शेवटच्या गाण्यापर्यंत पुढे नेली आणि बटण दाबलं.

गिटार आली, बारीक, किडा ओरडावा तशी. मग ती मुलगी गायला लागली. खरोखरच नऊ-दहा वर्षांची मुलगी, उंच, घाईत, जणू कुणीतरी मागे लागलंय. संघपालने डोळे मिटले. धम्मशीलाने टेपच्या मागे हात घातला, भोकातून स्क्रूड्रायव्हर आत सरकवला. चाचपडून त्याला खाच सापडली. तिने फिरवलं. आवाज आणखी वर गेला, पाखरासारखा चिरकला.

"उलटा," उकंडराव म्हणाले. "इंद्र्या उलटा फिरवे."

तिने उलटा फिरवला. केसभर. मग आणखी केसभर. गाणं जड व्हायला लागलं. मुलगी मोठी झाली, बाई झाली, मिसरूड फुटलेला पोरगा झाली. डालड्याच्या डब्यांचे टिचके खाली येत येत छातीत बसायला लागले. गिटारचा फाटका आवाज भोंग्यातून नव्हे, जमिनीतून यावा तसा यायला लागला. आणि मग एका जागी सगळं थांबलं, म्हणजे चाललंच होतं, पण बरोबर जागी आलं, आणि दुकानात इंद्रभान सरकटे गात होते. पस्तिशीतले. घाई अजिबात नव्हती.

*दार लोटून ठेव, कडी लावू नको,*
*मी येईन तवा येईन.*

सिंधूताई उंबऱ्यातच खाली बसल्या. उकंडरावांचा हात गुडघ्यावर ठेका धरत होता. त्यांनी तो दुसऱ्या हाताने दाबून धरला. संघपालने खिशातून पेन काढलं आणि कागदावरची ती वेगळी ओळ, सगळ्यात शेवटची, हळूच खोडली. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्या मुलीसाठी की ह्या माणसासाठी, त्यालाही कळलं नसतं.

आवाज पुन्हा वर सरकायला लागला. सेल उतरतच होते, विहिरीतले, तेहतीस वर्षांपूर्वीचे. स्क्रू सोडून चालणार नव्हतं. तिने वाकून कान टेपला लावला आणि सरकेल तसा तो आवाज खाली आणत राहिली, केसभर, आणखी केसभर. मनगट अवघडलं. तिने हात काढला नाही.

दाराशी सावली आली. समोरच्या खोलीत भाड्याने राहायला आलेली शालूबाई होती, दुसरबीडकडची. तिला गावात येऊन वर्षही झालं नव्हतं. बिघडलेला मिक्सर महिन्यापूर्वी तिने दुरुस्तीला टाकला होता आणि आज न्यावा की नको अशी ती संकोचून उभी होती. आत चाललेलं गाणं ऐकून ती थबकली.

"कोण गाऊन राह्यलं वं बाई?" तिने विचारलं.

उकंडरावांनी धम्मशीलाकडे पाहिलं.

धम्मशीलाने उत्तर दिलं. पण गिटार मोठ्याने वाजत होती आणि शालूबाईला ऐकू गेलं नाही. तिने पदर कानामागे सारला आणि एक पायरी वर चढली.

"आँ? कोण?"

धम्मशीलाचा हात स्क्रूवरच होता. तिने मान तेवढी वर उचलली आणि रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं,

"माहे बाबा. माहे बाबा गाऊन राह्यले."